एक मेणबत्ती, तीही परत करायची

काल लेकीचा विज्ञानाचा पेपर घरी आला, आणि पाचव्या प्रश्नावरची लाल फुली बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. कारण ते उत्तर तिचं नव्हतंच, माझं होतं. म्हणजे गेलेले दोन मार्क माझे.

झालं असं की 28 फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन, ठरलेले पाहुणे आयत्या वेळी आजारी पडले आणि 'तुझे बाबा इंजिनिअर आहेत ना' एवढ्यावर मला सहावीच्या वर्गासमोर उभं केलं. मी कंपनीत परचेसला आहे, पण असो.

प्रयोग जुनाच. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. का? तर ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन 21 टक्के म्हणून पाणी साधारण एक पंचमांश चढलं, टाळ्या! आपण सगळे हेच घोकून मोठे झालो. आणि ते चूक आहे. अहो, ऑक्सिजन जळून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, ती काय जागा घेत नाही? शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. खरी भानगड गरम हवेची. ज्योतीने हवा फुगते, थोडी कडेने बुडबुडे काढत बाहेर जाते, मग ज्योत विझली की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. आदल्या रात्री मी घरी करून बघितलं, एका मेणबत्तीपेक्षा चार मेणबत्त्यांना पाणी कितीतरी जास्त चढतं. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग जास्तीचं पाणी कुठून आलं? मुलांना आधी एक, मग चार, असं दाखवायचं आणि गप्प बसायचं, असा माझा बेत. (रात्रीच्या प्रयोगात घरातल्या मेणबत्त्या संपल्या, ही माझी चूक.)

इथे मामा आले. मामा म्हणजे शाळेचे शिपाई, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. हातात एकच मेणबत्ती, तीही वापरलेली.

"मामा, चार लागतील."

"चार कशाला? एकीत होतो की. दरवर्षी होतो."

"अहो, पण मला दाखवायचंय ते..."

"आधी ही पेटवा. नाही चढलं पाणी तर दुसरी देतो."

मग कळलं की लाईट गेली की स्टाफरूममध्ये हीच लागते, तेव्हा परत करायची. आणि ग्लास हेडसरांचा, अकराला ते बीपीची गोळी घेतात, त्याच्या आत मोकळा करायचा. तेवढं सांगून मामा गेले नाहीत. हात मागे बांधून माझ्या खांद्याशी उभे राहिले, ग्लासावर नजर ठेवून, जसा काही मी तो खिशात घालून पळणार होतो.

फळ्यावर रंगीत खडूने साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान सगळं आधीच लिहून तयार! मी काडी ओढायच्या आधी निरीक्षण झालेलं. मुलं ते वहीत उतरवत होती, ताटलीकडे बघतंय कोण. पाणी खरं तर ज्योत विझल्यावरच भराभर चढतं, नुसत्या डोळ्यांना दिसतं, पण डोळे वहीत. रामन यांनी 1928 साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला म्हणून 1987 पासून हा दिवस पाळतात. त्यांनी सुरुवातीला साध्या सूर्यप्रकाशावर काम चालवलं होतं, आणि सूर्यप्रकाश कोणाच्या कपाटात कुलूपबंद नसतो हे त्यांचं नशीब.

पाणी चढलं. बोटभर. तेवढ्यात मागून मामा, चांगल्या खणखणीत आवाजात, "मागच्या वर्षीच्या पाव्हण्यांचं याच्या दुप्पट चढलं होतं!"

वर्ग खदाखदा हसला. माझी लेक बाकाखाली रबर शोधायला लागली.

"त्यांनी मेणबत्त्या घरून आणलेल्या," मामा पुढे म्हणाले, "चार-पाच होत्या."

माझं अख्खं लेक्चर त्या एका वाक्यात होतं हो! तिथेच मामांना पुढे घेऊन विचारायला हवं होतं, पण पंखा बंद, साठ पोरं, घाम कानामागून ओघळतोय, मी आपला "बरं बरं" म्हणालो आणि गरम हवेचं गडबडीत सांगून टाकलं.

आभार मानताना मॅडम म्हणाल्या, "पाहुण्यांनी छान मनोरंजन केलं. परीक्षेत मात्र ऑक्सिजन संपला असंच लिहायचं." साठच्या साठ चेहऱ्यांवर काय ती सुटका! मला एक नारळ मिळाला. मामांनी मेणबत्ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "अर्धा इंच गेली."

आणि माझ्या खुळ्या लेकीने परीक्षेत गरम हवा लिहिली. मी शाळेत जाऊन बोलतो म्हटलं, तर ती एकदम रडवेली, "नको बाबा!" पेपर दप्तरात कोंबला, दारापर्यंत गेली, परत आली.

"पुढच्या वर्षी बोलावलं ना, तर तूपण आजारी पड."