पगार वाढवत नाही? मग नाव टाका

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. टीव्हीवर हिंदीत डब केलेला दक्षिणेतला एक सिनेमा चालू होता. भरबाजारात हत्ती शिरतो आणि लोक सैरावैरा पळत सुटतात. मी म्हटलं, "थांब, आता माझा आवाज येतोय." त्याने कान टवकारले. "अरे भागो, भागो!" असा गलका झाला आणि दोन-तीन सेकंदांत विरला.

"यातला तुझा कुठला, मामा?"

"तो... मधला."

"मधला म्हणजे?"

यावर काय सांगणार!

तर मी अकरा वर्षं डबिंग केलं. दिवसा अकाउंट्सची नोकरी आणि संध्याकाळी अंधेरीतल्या स्टुडिओत क्राउड. क्राउड म्हणजे गर्दीचा आवाज. पाच-सहा जण माईकभोवती उभे राहायचे, आम्हीच गावकरी, आम्हीच पोलीस, आम्हीच लग्नातले वऱ्हाडी. मध्येच एखाद्या हवालदाराच्या दोन ओळी मिळाल्या की त्या दिवशी लोकलमध्ये उभं राहायला लागलं तरी काही वाटायचं नाही. एकदा एका मालिकेत सलग चाळीस भाग म्हाताऱ्या वैद्याला आवाज दिला. शेवटच्या भागाला आई-बाबांना मुद्दाम टीव्हीसमोर बसवलं. नावं सुरू झाली, चॅनेलने ती सुसाट पळवली. नंतर एका मित्राकडे रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहिलं, तर आवाजवाल्यांची नावं मुळात नव्हतीच. स्टुडिओवाल्याला विचारलं तर म्हणाला, "पैसे मिळाले ना?" मिळाले होते. तीन महिन्यांनी.

हे सगळं सांगायचं कारण मेल ब्लँक, अमेरिकन कार्टूनांना आवाज देणारा माणूस.

हे नाव ओळखीचं नसेल, पण आवाज तुम्ही शंभर टक्के ऐकला आहे. 1995 साली आपल्याकडे कार्टून नेटवर्क आलं, तेव्हा माझ्या वयाची पोरं शाळेतून येऊन दप्तर फेकायची आणि ते बंद होऊन इंग्रजी सिनेमे लागेपर्यंत हलायची नाहीत. बग्ज बनी हा ससा, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला सिल्व्हेस्टर बोका, मिशाळ योसेमिटी सॅम, फ्लिंटस्टोन्समधला शेजारचा बार्नी. इंग्रजी आम्हाला यथातथाच कळायचं, पण कोण चिडलंय, कोण लबाडी करतंय हे आवाजावरून बरोबर समजायचं. हे सगळे आवाज एकाच माणसाचे होते हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, मला थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणजे आम्ही सहा जण मिळून एक गर्दी करायचो आणि हा एकटा अख्खी गर्दी.

जन्म 30 मे 1908, सॅन फ्रान्सिस्को. वाढला ऑरेगनमधल्या पोर्टलंडला. मूळ आडनावाचं स्पेलिंग इंग्रजीतल्या 'ब्लँक' (Blank), म्हणजे 'कोरा', या शब्दासारखं होतं. मेल सांगायचा की शाळेत एक शिक्षिका म्हणाल्या, तू तुझ्या आडनावासारखाच कोरा राहणार. पठ्ठ्याने शेवटचं 'k' बदलून 'c' करून टाकलं. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात आवाज घुमतो म्हणून तिथे तो विचित्र हसत सुटायचा, ओरडा खायचा. तेच हसू पुढे वुडी वुडपेकर नावाच्या सुतारपक्ष्याच्या तोंडी गेलं.

रेडिओवर आला 1927 मध्ये. पुढे पोर्टलंडच्या एका स्टेशनवर रोजचा कार्यक्रम मिळाला, पण बाकी कलाकार ठेवायला स्टेशन तयार नव्हतं. मग सगळी पात्रं मेल आणि त्याची बायको एस्टेल, दोघांनीच करायची. हजार आवाजांचा माणूस वगैरे बिरुदं नंतर लागली. सुरुवात अशी कंजूषपणातून झाली.

1935 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला. लिऑन श्लेसिंगर यांचा स्टुडिओ वॉर्नर या सिनेमा कंपनीसाठी कार्टून बनवायचा. तिथला माणूस याला दारातूनच परत पाठवायचा, 'आम्हाला हवे तेवढे आवाज आहेत' म्हणून. हा दोन आठवड्यांनी पुन्हा हजर. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. शेवटी तिथल्याच ट्रेग ब्राउन यांनी ऐकून घेतलं आणि एका दारुड्या बैलाचं काम दिलं. कार्टूनमध्ये पाय ठेवला तो दारुडा बैल म्हणून! आमच्यातल्या पुष्कळांची सुरुवातही दारुड्यापासूनच झाली आहे, दारुडा कुणालाही जमतो असा डबिंग डायरेक्टर लोकांचा समज असतो. (जमत नाही. लिपसिंकमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी आवाज जुळवत, झिंगणं फार कठीण.)

पुढच्या गोष्टीपाशी मी नेहमी अडखळतो. पोर्की पिग हे डुक्कर तोतरं बोलतं. त्याला पहिला आवाज जो डॉफर्टी नावाच्या नटाचा होता, आणि हा डॉफर्टी खराच तोतरा होता. अडचण अशी की तोतरेपण त्याच्या ताब्यात नव्हतं. कुठे अडकेल, किती वेळ अडकेल याचा हिशेब लागेना, रेकॉर्डिंग लांबायचं, खर्च वाढायचा. 1937 मध्ये त्याला काढून मेलला घेतलं. मेलने डुकरांच्या फार्मवर जाऊन डुकरं ऐकली आणि त्यांच्या घुरघुरण्यातून ते तोतरेपण बसवलं. अभिनय म्हणून हे फार मोठं काम आहे, त्यात वादच नाही. पण खऱ्या तोतऱ्याची जागा तोतरेपणाचा अभिनय करणाऱ्याने घेतली, हेही तितकंच खरं. आपल्याकडे बाहुबलीला हिंदीत आवाज देणारे शरद केळकर लहानपणी अडखळत बोलायचे, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा डॉफर्टीच आठवला.

मेल नुसता कार्टूनवाला नव्हता. जॅक बेनी या विनोदी नटाच्या रेडिओ कार्यक्रमात तो काय काय व्हायचा! तळघरात राखणीला ठेवलेलं अस्वल, पोपट, कावलेला व्हायोलिन मास्तर, स्टेशनवर गाड्या पुकारणारा. बेनींच्या खटारा मॅक्सवेल गाडीचा आवाज रेकॉर्डवरून वाजायचा. एकदा ऐन कार्यक्रमात तो वाजलाच नाही. मेल उठला, माईकपाशी गेला आणि तोंडाने गाडी सुरू केली, खोकत, ठसकत, फुरफुरत. त्यानंतर ती गाडी कायमची मेलचीच झाली. पुढे बेनींच्या टीव्ही कार्यक्रमात तो दिसायलाही लागला. एका नाताळच्या भागात तो दुकानातला विक्रेता आहे. बेनी पुन्हा पुन्हा येऊन घेतलेली वस्तू बदलून मागतात आणि या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू वेड चढत जातं. यूट्यूबवर जरूर बघा. आवाजाच्या माणसाला चेहरा नसतो असं म्हणणाऱ्यांना मी तोच भाग पाठवतो.

आणि ती उचकी. डिस्नेने पिनोकिओसाठी मेलला गिडियन नावाच्या मांजराचा आवाज द्यायला बोलावलं होतं. सोळा दिवस रेकॉर्डिंग झालं. मग कुणाला तरी वाटलं की हे मांजर मुकंच बरं. सगळं कापलं. 1940 मध्ये सिनेमा आला तेव्हा मेलची एक उचकी तेवढी शिल्लक होती. माझं "भागो" निदान दोन सेकंदांचं तरी आहे.

आता नावाचं. वॉर्नरच्या कार्टूनमध्ये तोवर आवाजवाल्यांची नावं येत नसत. 1940 मध्ये बग्ज बनी उभा राहिला, चालला, लोक वेडे झाले. मेल श्लेसिंगरकडे पगारवाढ मागायला गेला. मेलच्या सांगण्यानुसार श्लेसिंगर म्हणाले, जास्त पैसे घेऊन करणार काय, टॅक्सच जास्त भरशील. (हे वाक्य मालक लोकांना कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.) मेल म्हणाला, ठीक, पैसे नाहीत तर पडद्यावर माझं नाव टाका. मालकाला त्यात एक पैचाही खर्च नव्हता. 1944 च्या सुमारास पाटी यायला लागली, व्हॉइस कॅरेक्टरायझेशन (म्हणजे पात्रांचे आवाज), मेल ब्लँक.

या सौद्यात जिंकला मेलच. नाव वाचून रेडिओवाल्यांचे फोन यायला लागले, न मिळालेली पगारवाढ त्याने बाहेरून कितीतरी पटींनी वसूल केली. "पैसे मिळाले ना?" म्हणणाऱ्या त्या स्टुडिओवाल्याला मी ही गोष्ट सांगायला हवी होती. नाव म्हणजे हौस नव्हे. पुढच्या कामाचं ते बी-बियाणं असतं. मला त्या वैद्याचं काम दाखवून दुसरं काम मागता आलं नाही, कारण तो मीच होतो याचा कागद माझ्याकडे नव्हता.

पण या पाटीलाही दुसरी बाजू आहेच. तिच्यावर एकच नाव. बग्जच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा, 'र'चा 'व' करणारा एल्मर फड आठवतो? तो मेलचा नाही. तो आर्थर क्यू. ब्रायन या नटाचा. ट्वीटीची आजी पुढे जून फोरे या बाईंनी केली, त्याआधी बी बेनाडेरेट यांनी. स्टॅन फ्रीबर्गचेही कितीतरी आवाज आहेत. वर्षानुवर्षं पाटीवर यांचं कुणाचं नाव नाही. जगाने पाटी वाचली आणि सगळंच मेलच्या खात्यात जमा केलं. अजूनही लोक एल्मरला मेलचा समजतात.

यात मेलचा दोष किती? त्याने मागितलं स्वतःपुरतं, मिळालं स्वतःपुरतं. दुसऱ्या नटाच्या आवाजाची नक्कल तो चोरीच मानायचा, म्हणजे जाण नव्हती असं नाही. पण एवढं वजन आल्यावर, "या दुसऱ्याचंही टाका," एवढं म्हणायला काय जात होतं, असं मला आपलं वाटतं. आपल्याकडेही वेगळं काय चाललंय? पुष्पाला हिंदीत श्रेयस तळपदेंचा आवाज आहे हे गावभर माहीत आहे, आणि काम झकासच आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या मोगलीत शेरखान म्हणजे नाना पाटेकर, हेही सगळ्यांना पाठ. पण या सगळ्यांचे चेहरे आधीच ओळखीचे होते. चेहऱ्याच्या ओळखीवर आवाजाला नाव मिळालं. पुष्पात बाकीची पन्नास माणसं बोलतात, त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही नाही येत, आणि मी त्याच धंद्यातला.

आता मेलच्या अपघाताची गोष्ट, थोडक्यात. 24 जानेवारी 1961, लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवार्ड रस्त्यावरचं बदनाम वळण, समोरासमोर धडक. दोन्ही पाय, कंबरेचं हाड, कवटी, सगळं मोडलं. दोन आठवडे बेशुद्ध. घरचे हाका मारून थकले. मग एका डॉक्टरांनी विचारलं, "बग्ज बनी, कसा आहेस?" आणि हा बग्जच्या आवाजात उत्तरला. मग ट्वीटीला विचारलं, ट्वीटीही बोलला. लोक याला चमत्कार म्हणतात. मी कोणी डॉक्टर नाही. पण वर्षानुवर्षं हेडफोनमध्ये क्यू (आता बोल, ही खूण) ऐकून तोंड उघडणाऱ्याला यात फार नवल वाटणार नाही. आम्हाला आमच्या नावाने हाक मारतच कोण? "चल, हवालदार, ये."

घरी आल्यावर अंगभर प्लास्टर. फ्लिंटस्टोन्सचे काही भाग दरम्यान डॉज बटलर या नटाने बार्नी होऊन निभावले होते. मग मंडळी माईक घेऊन मेलच्या घरी आली आणि पलंगाभोवती उभं राहून रेकॉर्डिंग सुरू झालं. मेल उताणा, नजर छताकडे. ते भाग मी शोधून शोधून ऐकलेत. झोपल्यावर श्वास निराळा पडतो, पोटातून जोर येत नाही. तरी मला फरक सापडला नाही.

काम तो शेवटपर्यंत करत राहिला. 1988 च्या रॉजर रॅबिट सिनेमात बग्ज, डॅफी, ट्वीटी त्याचेच होते. घसा फाडणारा योसेमिटी सॅम मात्र दुसऱ्याला द्यावा लागला, फुप्फुसांत तेवढं राहिलं नव्हतं. नवव्या वर्षापासून सिगरेट ओढायचा म्हणे. 10 जुलै 1989 ला गेला. थडग्यावर पोर्कीचं निरोपाचं वाक्य कोरलंय, 'दॅट्स ऑल, फोक्स'.

तर भाच्याचं. काल तो पुन्हा आला, तेव्हा मी त्याला 1957 चं 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' दाखवलं. जेमतेम सात मिनिटांचं. एल्मर शिरस्त्राण घालून ऑपेरा गातो, ससा बाईच्या वेषात घोड्यावरून येतो, भाचा लोळून लोळून हसला. सुरुवातीची पाटी मी थांबवून दाखवली. एकच नाव. मग सांगितलं की बग्ज या नावाचा, पण हे जे गातंय ते एल्मर आर्थर क्यू. ब्रायनचं. शेवटाकडे एल्मर चिडून वादळं बोलावतो आणि एकदा 'स्मॉग!' (धुरकं) म्हणून किंचाळतो, तेवढी एक किंकाळी मात्र मेलची, कारण ब्रायनची पुरेशी फाटत नव्हती. ते तेवढं तीनदा मागेपुढे करून ऐकलं.

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तो ब्रायन तुझ्यासारखा मधला होता का, मामा?"