दान करताना सीएला विचारू नका म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

मार्च आला की तो मेसेज फिरायला लागतो, फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे. म्हणणं थोडक्यात असं: दान मनापासून करायचं, त्यात सीए-वकिलाला घुसवायचं नाही, ८०जीची (म्हणजे दानावर उत्पन्नातून वजावट देणाऱ्या आयकराच्या कलमाची) पावती मिळाली म्हणजे संस्था खात्रीची, दिलेले निम्मे पैसे टॅक्समधून परत मिळतात, आणि सल्लागार वगैरे करोडपतींना लागतात. मी टॅक्सची कामं करते, रोज हेच बघते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

निम्मे पैसे परत? अजिबात नाही. समजा १०,००० दिले आणि संस्था ५० टक्क्यांवाली आहे, म्हणजे दानाच्या निम्म्या रकमेचीच वजावट मिळते, तर ५,००० तुमच्या उत्पन्नातून वजा होतात, टॅक्समधून नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट वाचले १,५६०. आणि तेही जुन्या रिजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत असाल तर, नव्यात (आता तीच डिफॉल्ट आहे) ८०जीची वजावट मिळतच नाही. रोख २,००० च्या वर दिले तर वजावट नाही, धान्य-कपडे-ब्लँकेट दिले तरी नाही, आणि वर्ष संपल्यावर संस्थेने तुमचं नाव पॅनसकट आयकर खात्याला कळवलं नाही तर हातातली पावती नुसती पावतीच राहते. (एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, पण सगळे ८०जीच म्हणतात म्हणून मीही तेच लिहितेय.)

पावती म्हणजे खात्री, हे तर त्याहून धोक्याचं. नव्या ट्रस्टला काम सुरू व्हायच्या आधीच तीन वर्षांची तात्पुरती ८०जी मान्यता मिळू शकते, म्हणजे एका पोराला वही दिलेली नसली तरी पावतीपुस्तक तयार. खरं काय बघायचं? धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, ऑडिट रिपोर्ट वेळेवर भरलेत का, ट्रस्टी सगळे एकाच घरातले तर नाहीत ना, खर्च कामावर होतोय की पगार-गाड्यांवर. ताळेबंद कसा वाचायचा हे सगळ्यांना येत नाही आणि यायलाच हवं असंही नाही, सल्लागार त्याचसाठी असतो.

आता करोडपतीवाला मुद्दा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आमच्याकडे एक रिटायर्ड शिक्षिका आल्या, पेन्शनवर जगणाऱ्या, पिशवीत दोन लाख रोख, एका संस्थेला द्यायचे होते आणि ८०जी किती मिळेल एवढंच विचारायचं होतं. त्यांना मुळात टॅक्सच लागत नव्हता! म्हटलं, बाई, टॅक्स राहू दे, या पैशातून काय झालेलं तुम्हाला बघायचंय? तर म्हणाल्या, दरवर्षी दोनतीन मुलींची फी जावी, मी असले नसले तरी. इथे सगळंच बदललं ना. नुसते दिले असते तर ते पैसे संस्थेच्या वर्षाच्या खर्चात गेले असते, त्यांना हवं होतं कॉर्पस, म्हणजे मुद्दल ठेवायचं आणि व्याज वापरायचं, आणि त्यासाठी ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ असं लेखी पत्र चेकसोबत द्यावं लागतं. पत्र चार ओळींचंच होतं, पण ते द्यायचं असतं हे कुणी सांगितलंच नसतं तर?

मग त्याच म्हणाल्या, माझ्यामागे फ्लॅटही त्यांनाच द्यायचाय. छान, पण सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर एकदा स्थावर मालमत्ता गेली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते (१९५० च्या ट्रस्ट कायद्याचं कलम ३६), त्यात वेळ जातो, तोवर मेंटेनन्स संस्थेच्या डोक्यावर. त्यापेक्षा मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस) नेमून ‘फ्लॅट विकून पैसे संस्थेला द्यावेत’ असं लिहिता येतं, आणि भाचे-पुतण्यांना हयातीतच सांगून ठेवलं की पुढची भांडणंही टळतात. हे वकिलाशी बोलल्याशिवाय कसं कळणार होतं?

परदेशातल्या नातेवाइकांचंही तसंच. दुबईतला भाऊ, पासपोर्ट भारतीय, स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेतून पाठवतोय, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. न्यू जर्सीतली बहीण मात्र अमेरिकन नागरिक झाली असेल, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी मंजुरी, हवीच आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. तिने प्रेमाने गावच्या शाळेच्या साध्या खात्यात टाकले तर अडचणीत शाळा येते, ती नाही.

राहिला ‘सीएला घुसवू नका’. हा राग कुठून येतो ते मला कळतं, कारण एक लाखाची पावती घ्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत न्या असं सांगणारे दलालही स्वतःला सल्लागारच म्हणवतात. तो सल्ला नाही, गुन्हा आहे, जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने असल्या खोट्या वजावटींवर देशभर धाडी घातल्या, आणि उत्पन्न चुकीचं दाखवलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो, तो दलालाला नाही, तुम्हाला. म्हणून कुणीही संस्था सुचवली की आधी विचारा, तुम्ही तिथे ट्रस्टी आहात का, तिचं ऑडिट तुमच्याकडे आहे का, तुम्हाला यातून काही मिळतं का. उत्तर द्यायला कां-कू झाली तर सरळ दुसरा सल्लागार गाठा.