पाऊस ओढ देणार म्हणतात? घ्या बोअर!

सर्वप्रथम पानाड्या गाठा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो प्लॉटभर फिरेल आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करेल. ही खूण हमखास शेजाऱ्याच्या बोअरला खेटून निघते. मग गाडी बोलवा, पण रात्रीच. दिवसा लोक विचारतात. आमच्या शेजारी नुकतंच हे पुण्यकर्म उरकलं. पहाटेपर्यंत घरघर, सकाळी आमच्या वाळवणावर बोटभर पांढरा फुफाटा आणि आठवडा उलटायच्या आत आमची मोटर नुसती हवा ओढायला लागली. विचारायला गेलो तर, 'आम्ही आमच्या जागेत घेतलाय.' बरोबरच आहे. खालचा खडक सातबारा बघूनच पाणी सोडत असणार! 300 फुटांना लागलं नाही तर 600 ला जा, मग 900. भूजलाचा 2009 चा कायदा आहे म्हणे. असू दे. तो कागदावर आहे, पाणी जमिनीत.

पाणी लागलंच, तर ऊस लावा.

शेततळं खणा, प्लास्टिक अंथरा आणि बोअरनं भरा. पावसाची वाट कोण बघतो?

जुनी बारव जवळ असेल तर निर्माल्य तिथेच.

जुन्या माणसांचं मात्र चुकूनही ऐकू नका. धुळ्याकडे पांझरा नदीकाठी फड पद्धत होती. फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतांचा एकेक भाग. बंधाऱ्यात पाणी कमी असलं की कुठला फड भिजवायचा, कुठला कोरडा ठेवायचा हे सगळे मिळून ठरवत आणि पाणी सोडायचं ते पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्यानंच. 72 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत काढली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. भूमिहीनाला पाणी? काय हा अन्याय!

बास झाली थट्टा. 72 ला धान्य नव्हतं, पण प्यायला पाणी होतं, असं म्हातारी माणसं सांगतात. 2016 ला दुकानात धान्य होतं आणि लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. हे एकट्या पावसानं केलं का? हिवरे बाजारला सहली काढता, 'शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही' ऐकून टाळ्या पिटता आणि परतीच्या गाडीतूनच बोअरवाल्याला फोन लावता. वर नगरसेवकाच्या दारात टँकरसाठी गळा काढणारेही तुम्हीच. लाज नाही वाटत?