खुलासा : संत्रा बर्फीत दूध असतं

मंडळी, गेल्या आठवड्यात मीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, "दूध पचत नसेल तर संत्रा बर्फी बिनधास्त खा, ती फळाची असते." ते चूक आहे. नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेली बर्फी खाऊन रात्रभर पोट गुरगुरलं, तेव्हा कुठे डब्यामागची बारीक अक्षरं वाचली : संत्र्याच्या गरासोबत खवा! 5 लिटर दूध आटवलं की जेमतेम किलोभर खवा होतो. पाणी उडतं, लॅक्टोज (दुधातली साखर, जी अनेकांना पचत नाही) तिथंच राहतं. तर्री पोहे मात्र खुशाल खा, त्यात दूध नसतं. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचं वेगळं, त्यांना त्रास दुधातल्या प्रथिनांचा असतो, म्हणून लॅक्टोज-फ्री दूधही चालत नाही. माझा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथं हा टाका.