‘सीट आत्ताच बुक करा’ : घाई नेमकी कुणाला?

बारावीचे पेपर संपले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात असा : इंजिनीअरिंगचे कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या) नुसता देखावा, कॉम्प्युटरच्या जागा मॅनेजमेंट कोट्यातून एप्रिलमध्येच संपतात, आत्ताच पन्नास हजार भरा, नको वाटलं तर पैसे परत. प्लेसमेंट शंभर टक्के, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी. खाली ‘काउन्सेलर सरां’चा नंबर.

आधी जागांचं बघू. खासगी विनाअनुदानित कॉलेजात संस्थेच्या, म्हणजेच मॅनेजमेंटच्या, कोट्याला २० टक्क्यांची मर्यादा आहे. साठच्या वर्गात बारा जागा. (अल्पसंख्याक संस्थांचा हिशेब वेगळा.) बरं, त्या बाराही एप्रिलमध्ये पक्क्या होऊ शकत नाहीत. तोवर सीईटीचा निकाल लागलेला नसतो आणि वेळापत्रकाबाहेरच्या प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरण मान्यता देत नाही. मग पन्नास हजार कशाचे? नियमाने ठरलेल्या फीच्या वर उकळलेल्या रकमेला कॅपिटेशन फी म्हणतात, आणि महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

मजकुरात जे लिहिलेलंच नाही, ते मला जास्त खुपतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्या मुलीला ही माफी नाही. अभिमत विद्यापीठात किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठात गेली, तरी नाही. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील मॅनेजमेंटची सीट घेऊन झाल्यावर विचारायला आले, ‘मॅडम, आता माफीचा फॉर्म कुठं भरायचा?’ पोरीला कॅपमधून जागा मिळेल एवढे गुण होते. काय सांगणार त्यांना?

‘पैसे परत’ हे मात्र अर्धं खरं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा जाता सगळी फी परत मिळते. पण ती कॉलेजात रीतसर भरलेली फी. एजंटाच्या हातात ठेवलेल्या रोकडीला कुठला नियम लागणार?

शंभर टक्के प्लेसमेंट पडताळणं अवघड नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली आकडेवारी वेबसाइटवर ठेवावी लागते : किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मध्यक पगार किती. होर्डिंगवरचं पॅकेज एकाच पोराचं असतं. मध्यक पगार बघितला की नोकरी लागलेल्यांतल्या मधल्या पोराला किती मिळाले ते कळतं.

आणि नॅक? ती श्रेणी अख्ख्या संस्थेची असते. तुमच्या शाखेचं मूल्यांकन एनबीए ही वेगळी संस्था करते, तेव्हा ते विचारा. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने लाच प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना अटक केली होती. त्यामुळे नुसती श्रेणी ऐकून हुरळून जायचं कारण नाही.

राहता राहिले काउन्सेलर सर. मजकुरातल्या नंबरवर मी फोन लावला आणि एवढंच विचारलं, पावती कॉलेजच्या नावाची मिळेल ना?

‘मॅडम, तुम्ही आधी ऑफिसला तर या.’