ऋतू सहा, टायर पाच

आमच्या सोसायटीत माझ्या गाडीला ‘स्थावर’ म्हणतात. वास्तविक ती चांगली बारा आसनी ट्रॅव्हलर. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे घरगाडीतून फिरण्याचं, धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. या दोन घटनांमागं काहीतरी ईश्वरी योजना असणार, अशी माझी खात्री पटली. फंडाचा एक लचका तोडून ही जुनी गाडी घेतली. आसनं काढून दोन बाक, शेगडी, मोरी आणि पाण्याची टाकी बसवली, आरटीओच्या मंजुरीचे कागद फाइलला लावले आणि दारावर झोकदार अक्षरांत ‘फिरस्ती’ असं रंगवून घेतलं. त्यानंतरच्या चार वर्षांत फिरस्ती एकूण सहा हजार किलोमीटर फिरली. एरवी ती बी विंगच्या मागं आंब्याखाली असते. तळमजल्यावरच्या मांजरीची तीन बाळंतपणं तिच्याखाली झाली.

यंदा जूनमध्ये मात्र ताम्हिणीचा पहिला पाऊस गाठायचाच, असं ठरलं. हवा भरायला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. तो पोरगा हवेची नळी हातात घेऊन खाली बसला आणि नळी बाजूला ठेवून उठला.

“काका, टायर गेले.”

“अरे, नक्षी तर बघ! कोरी आहे.”

नक्षी खरोखरच कोरी होती. कायद्याला १.६ मिलिमीटर खोली पुरते, माझ्या टायरला सहा होती. पण त्यानं बोट ठेवलं ते टायरच्या कुशीवर. तिथं भेगा होत्या, अगदी वैशाखातल्या टाचेसारख्या. मग त्यानं रबरावरची एक छोटी चौकट दाखवली. तिच्यात चार आकडे होते: ३८१७. म्हणजे २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. टायरची जन्मतारीख अशी कुशीवरच छापलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं. बायकोची मला पत्रिका जुळवताना कळली होती, गाडीची कागदं बघताना. टायरची विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“हे पळून नाही मेले काका,” तो म्हणाला, “उभं राहून मेले.”

त्यानं जे सांगितलं त्याची मी नंतर खातरजमा केली आणि ते तंतोतंत खरं निघालं. रबराला ऊन आणि हवेतला ओझोन खातो. त्यावर उपाय म्हणून कारखान्यात रबरातच एक प्रकारचं मेण घालतात. पण ते मेण आतून वर यायला टायर चालावा लागतो, दबावा लागतो, वळावा लागतो. उभ्या गाडीच्या टायरचं मेण आतल्या आत राहतं आणि कातडी उलते. शिवाय सगळा भार महिनोन्‌महिने एकाच जागी पडून तिथं टायर चपटा होतो. हे सांगताना तो टायरबद्दल बोलत होता, पण बघत माझ्याकडं होता. मी दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर जायला लागलो.

ताम्हिणी रद्द झाली आणि टायरखरेदी सुरू झाली.

पहिला सल्ला जर्मनीहून आला. माझा भाचा श्टुटगार्टला असतो. तिकडं ही घरगाडीची हौस खऱ्या अर्थानं करतात आणि त्याच्याकडंही एक आहे. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, “मामा, डोळे झाकून ऑल सीझन घे.” त्यांच्याकडं रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायला कायद्यानं बंदी आहे. लोकांचा ढोबळ हिशेब ‘ओ ते ओ’ असतो, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. आपल्याकडचं दसरा ते होळी म्हणा. दर वर्षी दोनदा टायर बदलायचे नसतील तर ऑल सीझन घ्यायचा, पण त्याच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. पूर्वी नुसतं ‘एम अधिक एस’ लिहिलेलं चालायचं, म्हणजे चिखल आणि बर्फ. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तेही चालत नाही, डोंगरच लागतो.

“आणि मामा, सीपी लिहिलेला मिळाला तर उत्तमच. तो खास घरगाड्यांसाठी असतो. कुशी जाड, मागच्या चाकात ऐंशी पौंडांपर्यंत हवा.”

मी वहीत तीन शिखरं काढली. कळसूबाई, साल्हेर आणि घनचक्कर अशी नावंही दिली. हिमकणाच्या जागी बर्फाच्या गोळ्याची गाडी काढावी लागली, कारण आपल्या डोंगरांवर बर्फ तेवढाच.

वही घेऊन मी पहिल्या मजल्यावर गेलो. तिथले आजोबा सिमला ऑफिसातून निवृत्त झालेले आहेत. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, पण पुणेकरांनी नाव काही बदलू दिलं नाही. त्यामुळं भर शिवाजीनगरात सिमला ऑफिस आहे.) त्यांना विचारलं, पुण्यात ऑल सीझन टायरची गरज आहे का?

“निकष काय?”

“सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं म्हणे.”

“मग जानेवारी १९३५ मध्ये होती. पारा १.७ वर गेला होता. तेव्हा कुठं होतात?”

मी जन्माला यायचा होतो आणि माझे वडील शाळेत होते, असं सांगितलं. हे त्यांना पुरेसं कारण वाटलं नाही. पाषाणला अजूनही एखाद्या पहाटे पारा सातच्या आसपास येतो, पण त्या वेळी तुम्ही गाडी काढणार आहात का, असं त्यांनी मला विचारलं. त्या वेळी मी दुलईही काढत नाही. मग त्यांनी बोटांवर सहा ऋतू मोजले आणि म्हणाले, “सीझन म्हणजे नक्की कुठला सीझन ते आधी दुकानदाराला विचारा. इंग्रजांचे चार, आपले सहा. तुमचे टायर किती?”

“स्टेपनी धरून पाच.”

“एक कमी पडतो.”

नाना पेठेत फिरस्ती नेणं म्हणजे बोळातून हत्ती नेणं, म्हणून टायर आणायला मी रिक्षानं गेलो. मोबाइलमध्ये जुन्या टायरचे चौदा फोटो होते, वधूपरीक्षेला नेतात तसे समोरून, बाजूनं आणि जवळून.

“ऑल सीझन आहेत?”

“सगळे ऑल सीझनच असतात साहेब,” गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले. “आपल्याकडं कोण दिवाळीला एक जोड उतरवून पाडव्याला दुसरा चढवतंय?”

“तीन डोंगरांचं चिन्ह असलेले?”

त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या चपलांकडं पाहिलं. “मनालीला चाललात?”

“ताम्हिणीला.”

“मग डोंगर कशाला, पाणी बघा.” आणि इथं त्यांनी एकदम शहाण्यासारखं बोलायला सुरुवात केली. घाटात पावसात गाडी निसटते ती थंडीनं नाही, चाकाखालचं पाणी बाजूला जायला वाट नसते म्हणून. सरळ, खोल चर असलेला हायवेचा टायर पाणी काढतो. पोरं हौसेनं बटणाचे टायर घालतात, ते चिखलात ठीक, पण डांबरावर लोणावळा येईपर्यंत कानात माशी घोंघावते. आणि डोंगरवाल्या टायरचं मऊ रबर एप्रिलच्या डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. जर्मनीचं शहाणपण जर्मनीत ठेवा, असा एकूण सूर होता. मला पटलं. भाच्याला काय सांगायचं, तेवढं बघायचं होतं.

मग त्यांनी एक टायर गडगडवत आणला. “हा घ्या. एकदम फ्रेश माल.”

मी चष्मा लावून खाली बसलो आणि चौकट शोधली. ०९२२.

“हा तीन वर्षांपूर्वीचा आहे.”

“दुकानात सावलीत होता.”

“माझाही सावलीतच होता, आंब्याखाली.”

गिऱ्हाईक वाचणारं आहे हे लक्षात येताच त्यांनी मोर्चा वळवला. “लोड किती?” फोटो मोठा करून त्यांनी आकडे वाचले. २१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, उंची तिच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आत १५ इंची रिम. इथवर बरं होतं. पुढं होतं १०० एस. “शंभर म्हणजे एका टायरला आठशे किलो. हे जीपचे टायर घातलेत कुणीतरी. तुमच्या गाडीचं वजन किती?” (एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.)

गाडीचं वजन मला माहीत नव्हतं. कुणाला असतं? ते म्हणाले, काट्यावर जा. पण रिकामी नेऊ नका, जशी प्रवासाला निघता तशी भरून न्या, आणि मागची चाकं वेगळी मोजा.

म्हणून एका मंगळवारी सकाळी मी आणि बायको, टाकी पाण्यानं, सिलिंडर गॅसनं आणि डबे लाडवांनी भरून, जणू काशीला निघालोय अशा थाटात मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेलो. पुढं कांद्याचा ट्रक, मागं बटाट्याचा. काटेवाल्यानं खिडकीतून विचारलं, “माल काय?” बायको म्हणाली, “संसार.”

एकूण वजन ३०३० किलो. मागची चाकं १७४० किलो. मागच्या दोन टायरची ताकद आठशे दुणे सोळाशे. म्हणजे चार वर्षं आम्ही एकशे चाळीस किलो जादा घेऊन हिंडत होतो. हिंडत होतो हा शब्द जरा मोठाच आहे, पण तरी.

मी साहजिकच स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. दोन कुकर, पितळी पातेली, पोळपाट आणि खलबत्ता. खलबत्ता! ताम्हिणीत वेलदोडे कुटायचे कुणाला? घरी येऊन सगळं सामान रद्दीवाल्याकडून आणलेल्या तागडीवर मोजलं. तिचं स्वयंपाकघर बावीस किलो भरलं. बाकाखालचे माझे वाचायचे राहिलेले दिवाळी अंक अडतीस किलो भरले. बायको काही बोलली नाही. तिनं फक्त खलबत्ता परत गाडीत ठेवला.

निर्णय असा झाला: जड ओझं पेलणारा टायर, लोडचा निर्देशांक १०६/१०४. दोन आकडे का, याचं उत्तर मला फार आवडलं. पहिला आकडा टायर एकटा असेल तेव्हाचा, दुसरा मागं एकेका बाजूला जोडीनं बसवले तर. १०६ म्हणजे ९५० किलो, १०४ म्हणजे ९००. जोडीत गेल्यावर प्रत्येकाची सहनशक्ती पन्नास किलोंनी कमी होते. ही गोष्ट मी घरी जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवली. दाखवायला नको होती.

“म्हणजे मागं आता एकोणीसशे किलो चालणार?” थोड्या वेळानं बायकोनं विचारलं. “अहो, मग अजून एकशे साठ नेता येतील!” आरसी बुकातल्या एकूण वजनाचीही मर्यादा असते हे समजवायला मला पाऊण तास लागला, आणि त्यात माझे दिवाळी अंक गेले.

या सगळ्यात जुलै गेला, ऑगस्ट गेला, गणपती गेले. घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. “बघ,” मी म्हणालो, “जूनमध्ये घेतले असते तर?” माझ्या दिरंगाईला एवढं रोख यश कधीच मिळालं नव्हतं. आठवडा उलटायच्या आत नव्या जन्मतारखेचे पाच टायर आले. २८२५, म्हणजे यंदाच्या गुरुपौर्णिमेच्या आठवड्यातले. खंडेनवमीला त्यांना झेंडूची माळ घातली. ताम्हिणीचा पाऊस तोवर आटोपला होता.

कोपऱ्यावरचा पोरगा हवा भरायला बसला.

“पस्तीस?”

“पंचावन्न.”

तो नळी जितकी लांब होती तितका लांब उभा राहिला.

जाताना त्यानं बजावलं, एवढ्या पैशांचे टायर पुन्हा उभं राहून मरू देऊ नका, दर आठवड्याला थोडी तरी हलवा. त्यामुळं आता दर रविवारी मी खाली जातो, गाडी सुरू करतो, अर्धं चाक पुढं घेतो. पुढच्या रविवारी अर्धं चाक मागं. मांजर पहिल्यांदा दचकायची, आता नुसती कूस बदलते. वॉचमन नवा आहे आणि नियमाचा पक्का आहे. हललेल्या प्रत्येक गाडीची तो वहीत नोंद करतो. परवा सहज वही चाळली. फिरस्तीच्या नावापुढं लिहिलं होतं:

निघाली १०.०५. आली १०.०६. कुठे: पुढे.