अनशापोटी

मला पोट एकच आहे, हे आमच्या घरात कुणाला पटत नाही.

थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच ९.२ आला. साडेचारच्या आत हवा. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी लिहून दिली. "सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढे पाऊण तास काही नाही." घरी येऊन हे मी सगळ्यांना सांगितलं, तिथेच चुकलं.

सासूबाईंनी त्याच रात्री धने भिजत घातले. "सकाळी उकळून, गाळून, अनशापोटी." नणंदेनं फोनवरून अश्वगंधा सुचवली, कोमट दुधातून, अनशापोटी. आईचं चमचाभर साजूक तूप, शेजारच्या काकूंचा दुधीचा रस. सगळं अनशापोटीच. काकूंची भाची बियांवाली. तिच्या मते हार्मोन ताळ्यावर यायला पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढे तीळ आणि सूर्यफुलाच्या.

"पण माझी पाळीच वेळेवर येत नाही गं."

"मग चंद्र बघायचा, मावशी. अमावास्येला जवस, पौर्णिमेला तीळ."

आयुष्यात कधी संकष्टी न धरलेली मी गॅलरीत उभी राहून चंद्र शोधायला लागले.

थायरॉईडला वाईट म्हणून कोबी घरातून हद्दपार झाला. शिजवलेला कोबी बेतानं खाल्ला तर काही बिघडत नाही, हे नवऱ्याला ठाऊक होतं. तो कोबीचा जन्मवैरी, त्यामुळे गप्प बसला.

स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द वापरात आणला. मूळ ग्रीक, अर्थ साधारण 'चाळवणे'. त्याच्या मनात शरीरातले अवयव असावेत. आमच्याकडे नातेवाईक चाळवले.

दोन महिन्यांनी टीएसएच ११.

"गोळी कधी घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"अनशापोटी."

"त्याआधी काही?"

मी सांगायला लागले. दुधीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे पाच गोष्टींनंतर अनशापोटी?"

"नाही, नाही. गोळी तिसरी."

मग कळलं, दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं, ती नीट शोषलीच जात नाही. अश्वगंधा तर थायरॉईडच्या कामात स्वतःच ढवळाढवळ करू शकते, ती बंद. "बाकीचं हवं तर संध्याकाळी घ्या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ कुणालाच नको होती. आईचं तूप रुसलं. काकू म्हणाल्या, मग दुधीची भाजीच कर की. सासूबाईंना तर तो अपमानच वाटला. "धन्याचं पाणी काय चहाच्या वेळी प्यायचं असतं?" एकट्या गोळीला सकाळ मिळाली आणि सहा आठवड्यांत आकडा ३.४ वर आला. सासूबाईंच्या मते तो आधी प्यायलेल्या धन्यांचा उशिरा आलेला गुण.

काल नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला. आज पहाटे पावणेसहाला स्वयंपाकघरात दिवा लागला होता आणि गाळणी वाजत होती. मी कुशीवर वळले. "अहो, उठा. आई बोलावतायत."